घोड्यांना सांगून झालं होतं

झिर्गुप्केनच्या मोठ्या घराच्या आवारात त्या वर्षी एका महिन्यात दोन बाळं आली. एक वरच्या मजल्यावर, एक पागेमागच्या खोलीत. वरच्याचं नाव लोटार फॉन वार्निकेन. खालचीचं नुसतं उर्टे. गरिबाच्या पोरीला आडनाव लावायची कोणाला घाई असते? वरच्या बाईसाहेबांना दूधच आलं नाही, आणि उर्टेच्या आईला, माड्लीनेला, एवढं आलं की अंगावरची चोळी वाळायला फुरसत नाही. तेव्हा दोन्ही बाळं तिच्याच अंगावर वाढली. डावीकडे साहेबांचं, उजवीकडे आपलं. लोटारला पुढं जन्मभर डाव्या कुशीवरच झोप लागायची ती त्यामुळं, असं उर्टे सांगायची. त्यावर कोण काय बोलणार?

आठव्या दिवशी माड्लीनेनं दोघांना एप्रनमध्ये घेतलं आणि पागेत नेलं. रीतच होती ती. आवारात कोणी जन्मलं की घोड्यांना दाखवायचं, लग्न झालं की सांगायचं, आणि मालक गेले तर सूर्य बुडायच्या आत एकेका घोड्याला उभं करून, गव्हाणीवर किल्ली तीनदा वाजवून, कानात सांगायचं. मधमाश्यांच्या पोळ्यांनाही तसंच. नाही सांगितलं तर मुकं जनावर मालकाच्या मागून निघून जातं. माड्लीनेचा एप्रन जवसाच्या धाग्याचा होता, तिच्या आईनं विणलेला, धुऊन धुऊन सायीसारखा मऊ झालेला. एका म्हाताऱ्या घोडीनं त्यात नाक घातलं, दोघांना हुंगलं आणि सणसणीत शिंकली. लोटार हूं की चूं नाही. उर्टेनं मात्र सगळी पागा डोक्यावर घेतली.

हा फरक शेवटपर्यंत राहिला. उर्टेची हाक तीन शेतं ओलांडून गाईंना ऐकू जायची, आणि लोटारचा आवाज म्हणजे जत्रेतली पिपाणी. लहानपणी कोणाला त्याचं काही वाटलं नाही. पण अकराव्या वर्षी त्याला लष्करी शाळेत घातलं. आजोबा घोडदळात, वडील घोडदळात, तेव्हा त्याला विचारायचा प्रश्नच नव्हता. तिथून पहिलं पत्र आलं त्यात आईची चौकशी एक ओळ होती, आणि गाभण घोडीची दीड पान.

सतराव्या वर्षी तो इन्स्टरबुर्गला भालेस्वारांच्या रिसाल्यात दाखल झाला. बसायचा असा की खोगीर आणि माणूस वेगळे कुठं होतात ते कळू नये. पण हुकूम सोडायचा तर पहिली रांग ऐकायची, दुसरी पहिलीकडे बघायची, आणि तिसरी कुठं जायचं ते आपल्या मनानं ठरवायची. बरोबरीचे पुढं सरकले, हा मागंच राहिला. कशीबशी कप्तानकी मिळाली, तर बर्लिनहून तपासणीला आलेल्या एका बड्या साहेबानं मैदानात सगळ्यांसमोर विचारलं, "कप्तान स्वतः आलेत, की लेकीला पाठवलंय?"

सगळा रिसाला हसला. लोटार सुट्टी घेऊन घरी आला आणि पागेत वैरणीच्या ढिगावर जाऊन बसला. जेवायला नाही, बोलायला नाही.

उर्टे तेव्हा पागेच्या मुख्याची, मिक्केलची, बायको झाली होती. तिनं बीटाच्या आंबट साराचा वाडगा त्याच्यासमोर आदळला. चारचौघांत ती त्याला साहेब म्हणायची. पण आत्ता पागेत घोड्यांखेरीज कोणी नव्हतं.

"खा. नाटकं पुरे झाली."

"मी राजीनामा देतोय, उर्टे."

"दे की. मग काय करणार? कोंबड्या पाळणार? त्यांना तरी हाक मारावी लागते."

"तूही हस."

"हसत नाही रे. एक सांग, गाईंच्या कळपापुढं चालतो तो माणूस ओरडतो का? ओरडतो तो मागचा, ज्याच्या हातात काठी असते. पुढचा नुसता चालतो. तू पुढं जा ना. येतात का नाही मागून, बघ."

त्यानं वाडगा पुढं ओढला. मग सगळं सार प्यायला आणि म्हणाला, "मीठ जास्त झालंय."

त्या हिवाळ्यात लोटार, मिक्केल आणि उर्टे यांनी एका घोडीला शिकवायला घेतलं. लगाम नाही, टाच नाही, आवाज नाही. नुसता गुडघ्याचा दाब आणि पाठीवरच्या माणसाचा श्वास. दोन वर्षं लागली. मग मैदानात कप्तान लोटार हात वर करायचा आणि निघायचा, आणि त्याची घोडी अशी निघायची की मागच्या दीडशे घोड्यांना थांबणं जमायचंच नाही. "वार्निकेन बोलत नाही, जातो," असं रिसाल्यात म्हणायला लागले. हसणारे तेच होते, पण आता मिशीला पीळ देऊन म्हणायचे.

अशी त्याची चाकरी मार्गी लागली, पण एका अटीवर. दुसऱ्या सरदारांना कुठलाही घोडा चालायचा. लोटारला झिर्गुप्केनचाच लागायचा, दोन वर्षं शिकवलेला. असा घोडा खाली नसला की त्याच्याजवळ ना आवाज ना हुकूम.

मध्ये बरंच होऊन गेलं. थोरले मालक वारले तेव्हा पागेत सांगायला एक दिवस उशीर झाला, कारण माड्लीने अंथरुणाला खिळलेली आणि बाकीचे कोणी सांगायचं यावर वाद घालत बसलेले. त्या महिन्यात अकरा घोड्या गेल्या. जनावरांचा डॉक्टर सर्दीची साथ म्हणाला. गावानं मान हलवली आणि आपल्याला ठाऊक ते ठाऊक. माड्लीनेनं मरताना उर्टेचा हात धरून एवढंच म्हटलं, "परत उशीर करू नका." पुढं मिक्केल घसरगाडीसकट नदीच्या बर्फाखाली गेला. मुलं झाली नव्हतीच. लोटारनं पागेची किल्ली उर्टेच्या हातात ठेवली. शेजारचे जमीनदार पोट धरून हसले. बाईच्या कमरेला पागेची किल्ली! लोटार आपल्या पिपाणीत म्हणाला, "घोड्यांची हरकत नाही."

लोटारनंही उशिरा लग्न केलं. ओटिलीबाईसाहेब स्वभावानं चांगल्या, पण त्यांना घोड्याचा वास सोसायचा नाही. त्या वर्षाचे नऊ महिने क्योनिग्सबर्गला राहायच्या. त्यांनाही मूल नाही. वारस म्हणून पुतण्या ठरला, हान्नो. हान्नो घोड्याजवळून जाताना भिंतीला पाठ लावून जायचा.

मग बोहेमियातली लढाई झाली. तिथं लोटारनं एका पुलावरून रिसाला नेला आणि त्याच्या छातीवर मानाचा क्रॉस आला, पाठोपाठ जनरलकी आणि हाताखाली ब्रिगेडही आली. त्या पुलावर त्याच्याखाली होती एल्स्टर. काळी, पुढचे दोन पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. उर्टेनं स्वतः वाढवलेली. अशी घोडी पन्नास वर्षांत झाली नव्हती.

चार वर्षांनी फ्रान्सशी लढाई जुंपली तेव्हा एल्स्टर गाभण होती. लोटारनं तिला घरीच ठेवलं आणि रिसाल्यातला एक तांबडा खच्ची घोडा घेतला. निघताना उर्टेला म्हणाला, "शिंगरू झालं की कळव." ती म्हणाली, "तू काय ते कळव. शिंगरू होतंच."

ऑगस्ट संपत आला असताना एक खोकं आलं. त्यात लोटारची टोपी होती, अर्धी रक्तानं कडक झालेली, आणि त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याचं पत्र. कारभारी ब्रोझाइट यांनी ते दारातच उभं राहून वाचलं. जनरलसाहेबांनी तोफांवर चाल केली. आठशे गेले, साडेतीनशे परतले. साहेब घोड्यासकट पडताना दोघांनी पाहिलं. पुढं ती जागा शत्रूच्या हाती गेली, म्हणून देह आणता आला नाही.

अंगणातल्या लिंडेनच्या झाडावरचं ऊन खालच्या फांद्यांपर्यंत उतरलं होतं. उर्टेनं टोपी उचलली आणि कमरेची किल्ली चाचपली.

"उर्टेबाई, जरा थांबा," ब्रोझाइट म्हणाले. "हे सरकारी पत्र नव्हे. देह मिळालेला नाही. बर्लिनहून कळेल चार दिवसांत."

"आणि चार दिवसांत घोड्या मेल्या तर बर्लिन नव्या देणार?"

"अहो, पण खात्री..."

"ही टोपी बघा, कारभारी. मिक्केल गेला तेव्हा त्याची टोपीच आली होती वर. खात्री कशी असते ते मला शिकवू नका. थोरल्या मालकांच्या वेळी वाद घालत बसले, त्यात तुम्ही होतात ना?"

ब्रोझाइट यांनी पत्राची घडी घातली. होते ते त्या वादात.

उर्टे पागेत शिरली. चौतीस घोड्या होत्या. एकेकीच्या गव्हाणीवर किल्ली तीनदा वाजवली, बसलेलीला उठवलं, टोपी हुंगवली आणि कानात म्हटलं, "मालक गेले. नवे मालक हान्नो. तू इथंच राहा." हान्नोचं नाव घेताना तिला घोड्यांची दया आली, पण रीत ती रीत. एल्स्टरजवळ पोचायला तिनं मुद्दाम वेळ लावला. एल्स्टरनं टोपीला नाक लावलं, कान मागं टाकले आणि भिंतीकडं तोंड केलं. मग उर्टे पोळ्यांकडं गेली. सूर्य बुडायच्या आत सगळं आटोपलं. कसलीही कसर राहिली नव्हती.

दहाव्या दिवशी दुसरं पत्र आलं. लोटारच्याच हातचं, वाकडंतिकडं. घोडा अंगावर मरून पडला होता. दोन दिवस त्याच्याखाली काढले. मग एका फ्रेंच शेतकऱ्याच्या बायकोनं गाय जुंपून घोडा ओढून काढला आणि ह्याला गोठ्यात ठेवून कोबीचं पाणी पाजलं. डावा पाय आता वाकणार नाही. बाकी ठीक. शिंगरू झालं का?

गावात घंटा वाजली. मधाची दारू निघाली. ब्रोझाइट रडले, पाद्री रडले, क्योनिग्सबर्गहून बाईसाहेब धावत आल्या आणि घोड्याचा वास येत असूनही पागेच्या दारात उर्टेला मिठी मारून रडल्या. उर्टे एकटीच रडली नाही. दगडासारखी उभी होती. गावातल्या म्हाताऱ्या तिच्याकडं बघायच्या आणि नजर वळवायच्या. सांगितलेलं परत घेता येत नाही. घोड्यांच्या लेखी लोटार फॉन वार्निकेन मेला होता, आणि मारणारी उर्टे होती.

तो एप्रिलमध्ये आला, कुबडीवर. अंगाला इस्पितळातल्या औषधाचा उग्र वास. गाडीतून उतरला तो कोणाशी न बोलता थेट पागेकडं.

एल्स्टरनं त्याला दारात पाहिलं, कान मागं टाकले आणि पार्श्वभाग वळवला.

"एल्स्टर," तो म्हणाला. आणखी जवळ गेला. तिनं लाथ झाडली. त्याच्या अंगावर नव्हे, कुबडीवर. कुबडी उडून गव्हाणीवर आदळली. लोटार एका पायावर उभा राहिला, भिंत धरून.

"विसरली मला," तो म्हणाला. "आठ महिने म्हणजे काही कमी नाहीत."

"हो," उर्टे म्हणाली. जन्मभरात त्याच्याशी बोललेलं तिचं पहिलं खोटं ते.

दुसऱ्या दिवशी तो पोळ्यांपाशी गेला. ज्याला पन्नास वर्षांत एक माशी चावली नव्हती त्याला तीन चावल्या. गावात कोणी काही बोललं नाही. मोतद्दार मात्र एल्स्टरला खोगीर घालताना मागून पुटपुटायचे, "मेलेल्या माणसाला पाठीवर कोण घेईल?"

मे गेला. साखर झाली, गाजरं झाली, मधात बुडवलेला काळा पाव झाला. एल्स्टर साखर खायची आणि मागं सरायची. लोटारनं तिच्यावर बसायचा पाच वेळा प्रयत्न केला आणि पाच वेळा जमिनीवर बसला. एवढ्यात इन्स्टरबुर्गहून कळलं की सप्टेंबरात ब्रिगेडची तपासणी आहे. लढाईहून आलेल्या प्रत्येक जनरलला घोड्यावर बसून आपली ब्रिगेड चालवून दाखवावी लागणार. ज्याला जमणार नाही त्याच्या घरी बर्लिनहून निळं पाकीट येणार. त्यात काय असतं ते प्रशियातल्या प्रत्येक सरदाराच्या स्वयंपाकीणबाईलाही ठाऊक असतं. आभार, पेन्शन आणि चप्पल घालून बसायचं आरामखुर्चीत.

"दुसरा घोडा घ्या," ब्रोझाइट म्हणाले.

"दोन वर्षं लागतात," लोटार म्हणाला. "माझ्याकडं तीन महिने आहेत. आणि मी ओरडलो तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे."

त्या दिवशी उर्टेनं पागेचं दार आतून लावलं. लोटार वैरणीवर बसला होता, पाय पुढं काठीसारखा सरळ.

"एल्स्टर तुला विसरलेली नाही," ती म्हणाली.

"मग?"

"मी तिला सांगितलं."

त्याला कळायला क्षणभर लागला. मग तो हसायला लागला, पिपाणीत, थांबेचना. "सगळ्यांना? चौतीस?"

"आणि पोळ्यांना."

"म्हणून त्या माश्या! अगं, तू मला पुरलंस की चक्क!" आणि मग हसता हसता त्याचा चेहरा बदलला. "एवढी घाई होती तुला?"

"टोपी आली होती तुझी, रक्तानं कडक झालेली. सूर्य बुडत होता. आईनं काय सांगितलं होतं ते विसरू? तू गेलास आणि वरून तुझ्या घोड्याही गेल्या असत्या, तर तुझ्या मागं राहिलं काय असतं रे इथं? मी? मला काय करायचं होतं मग?"

एल्स्टर भिंतीकडं तोंड करून उभी होती. तिच्याकडं बघत तो म्हणाला, "फार चुकलं नाही तुझं. आठशे माझ्या मागून आले, उर्टे. मी हात वर केला आणि गेलो, आणि ते आले. साडेचारशे तिथंच राहिले. त्यांच्या घोड्यांना कोणी सांगितलं? मला कधी कधी वाटतं की मीही तिथंच आहे, त्या तांबड्याखाली. घोडीला खरं तेच दिसत असेल."

उर्टेनं एप्रननं नाक पुसलं. "असलं काही बोलायचं नाही. जिवंत आहेस तू. मीठ जास्त झालं तर तक्रार करतोस."

"मग परत सांग तिला. म्हणावं, चूक झाली, मालक आहेत."

"त्याला शब्द नाहीत."

"म्हणजे?"

"जन्माला शब्द आहेत, लग्नाला आहेत, मरणाला आहेत. परत येण्याला नाहीत. आजवर कोणी आलंच नाही तर शब्द कुठून असणार? मनानं काहीतरी बोलले तर घोडी ऐकेल का? ती काय ब्रोझाइट आहे?"

तिथंच ते राहिलं. जून गेला. जुलैत गाडीवानाच्या सुनेला मुलगी झाली आणि आठव्या दिवशी घोड्यांना दाखवायला आणली. मोठ्या घराच्या पागेत बाळ दाखवायचं ते माड्लीनेच्या एप्रनमध्येच. तो आता उर्टेकडं पेटीत असायचा. तिनं तो काढला, बाळ त्यात घेतलं, आणि एल्स्टर पुढं आली. कान उभे करून आली. एप्रनमध्ये नाक घालून खोलवर हुंगत राहिली, बाळाला कमी आणि कापडाला जास्त. उर्टे तिथंच थबकली. बाळाच्या आईला वाटलं हिला घेरी आली.

"उर्टेआजी, काय झालं?"

"काही नाही गं. शब्द सापडले."

लोटारनं ऐकलं आणि तो लाल झाला. "मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे!"

"एकोणसाठ. मला माहीत आहे, मी बरोबरच होते."

"मी प्रशियाचा जनरल आहे. एप्रन गुंडाळून पागेत जाऊ? मोतद्दार बघतील. इन्स्टरबुर्गपर्यंत बातमी जाईल. त्यापेक्षा निळं पाकीट परवडलं!"

"मग बस पाकीट घेऊन. बाईसाहेब चप्पल घेऊन देतील, लोकरीची."

तो चालता झाला, कुबडी आपटत. दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता उर्टे पागेचं दार उघडायला गेली तर तो दारातच उभा. गणवेश नाही, क्रॉस नाही. जाड सुती सदरा, अनवाणी. इस्पितळाचं औषध पायावरून धुऊन टाकलेलं.

"कुबडी?" ती म्हणाली.

"बाळं कुबडी घेऊन येतात का?" तो चिडून म्हणाला. "लवकर काय ते कर. थंडी वाजतेय."

तिनं एप्रन त्याच्या डोक्यावरून खांद्यावर घेतला, जसा बाळाला घेतात तसा. पुरला थोडाच. एवढ्या दांडग्या माणसाला आजीचा एप्रन किती पुरणार? त्यानं एक हात तिच्या खांद्यावर टाकला आणि सगळा भार तिच्यावर दिला. डाव्या बाजूला. तिची पाठ मोडायला आली, पण तिनं पाऊल उचललं. अशी दोघं रांगेतून निघाली. प्रत्येक गव्हाणीपाशी थांबून ती म्हणायची, "मोठ्या घरात मुलगा झाला. त्याचं नाव लोटार. तो इथं राहणार आहे." किल्ली वाजवायची नाही, जन्माला किल्ली नसते. चौतीस वेळा म्हटलं. विसाव्या गव्हाणीपाशी लोटारच्या खांद्याला हिसके बसायला लागले. तिला वाटलं हसतोय. मग तिच्या मानेवर ओलं लागलं. तिनं वळून पाहिलं नाही.

एल्स्टर शेवटी होती. "मुलगा झाला," उर्टे म्हणाली. "त्याचं नाव लोटार."

घोडीनं एप्रन हुंगला. मग एप्रनखालचा सदरा, मग मान, मग कान. मग सणसणीत शिंकली, थेट जनरलसाहेबांच्या तोंडावर.

"शिंकली," उर्टे म्हणाली. "झालं. दिसलास तू तिला."

त्याच सकाळी तो तिच्यावर बसला. डाव्या रिकिबीत पाय घालणं तर शक्यच नव्हतं, म्हणून उजवीकडून. घोड्यावर उजवीकडून चढणं म्हणजे घोडदळात पाप. एल्स्टरनं मान वळवून पाहिलं, हे काय नवीन, आणि उभी राहिली. कोणी म्हणेल औषधाचा वास गेला, कुबडी गेली, म्हणून घोडी शांत झाली. ब्रोझाइट तसंच म्हणायचे. म्हणू देत.

सप्टेंबरात तपासणीला उर्टे गाडीतून इन्स्टरबुर्गला गेली आणि मैदानाच्या कुंपणाला टेकून उभी राहिली. बर्लिनहून आलेल्या साहेबांसमोर लोटारनं एल्स्टरला आणलं, तिच्या उजव्या बाजूला गेला आणि चढला. मैदानात कुजबुज झाली.

"वार्निकेन," साहेब म्हणाले, "उजवीकडून? हे कोणत्या पुस्तकात आहे?"

"घोडीची हरकत नाही," लोटार म्हणाला. त्या शांततेत पिपाणी कुंपणापर्यंत ऐकू आली. कोणी हसलं नाही. रांगांमध्ये नवे चेहरे इतके होते की हसायची आठवण असणारेच थोडे उरले होते. त्यानं रांगांवरून एकदा नजर फिरवली, सावकाश, ज्या जागी जे असायला हवे होते त्यांच्यावरूनही. मग हात वर केला आणि निघाला. सगळी ब्रिगेड मागून निघाली. उर्टेच्या पायाखालची जमीन हलली, आणि तिनं कुंपणाची फळी एवढी घट्ट धरली की तळहातात लाकडाचं कुसळ गेलं.

निळं पाकीट आलंच, पण चार वर्षांनी, वयाचं. तोवर लोटारनं एल्स्टरच्या लेकीला, लढाईच्या वर्षी झालेल्या त्या शिंगराला, शिकवून तयार केलं होतं. पाकीट वाचून तो म्हणाला, "बरं झालं, आता सार गरम मिळेल." उर्टे म्हणाली, "मीठ तेवढंच पडणार."

आणखी पाच हिवाळे गेले. फेब्रुवारीत एका दुपारी तो शेगडीजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्याच गेला. डॉक्टर येऊन गेले, पाद्री येऊन गेले. बाईसाहेब त्याचा हात धरून बसल्या. हान्नो खिडकीशी उभा होता. आता तोही पन्नाशीकडं झुकलेला, आणि आता मालक.

"उर्टे, ऊन लिंडेनवर आलंय," तो म्हणाला. "सांगायला जायला हवं ना?"

उर्टेनं उशीतलं हंसाचं पीस काढलं आणि लोटारच्या नाकाशी धरलं. पीस हललं नाही. तिनं ते तसंच धरून ठेवलं.

"उर्टे, उशीर होईल. तुम्हीच म्हणता ना, सूर्य बुडायच्या आत."

"थांबा हो, छोटे साहेब. मागच्या वेळी घाई केली, तर बिचाऱ्याला परत जन्म घ्यावा लागला. आता या वयात त्याला उचलायचं कोणी?"

ऊन खालच्या फांदीवर आलं, मग बुंध्यावर. मग तिनं पीस खाली ठेवलं, लोटारला डाव्या कुशीवर वळवलं, कारण तशीच त्याला झोप लागायची, आणि किल्ली घेऊन निघाली.

एल्स्टर अजून होती. एकवीस वर्षांची, दात झिजलेली, उभ्या उभ्या डुलक्या घेणारी. उर्टे या वेळी तिच्यापासून सुरुवात करायला गेली. गव्हाणीवर किल्ली तीनदा वाजवली. "मालक गेले," म्हणायला तोंड उघडलं, आणि तीन शेतं ओलांडणारा तिचा तो आवाज निघेचना. निघाली ती पिपाणी.

एल्स्टरनं ताबडतोब कान उभे केले. त्या आवाजाची तिला सवय होती.